मांजराचे लंघन आणि मांजराचे यकृत

मांजराच्या यकृताच्या आजारांचा विचार करू लागले की पहिली अडचण भाषेची येते. मराठीत ‘कावीळ’ हे एका रोगाचे नाव आहे. कावीळ होते, कावीळ उतरते, काविळीवर गावोगावी माळ घालतात, भुईआवळ्याचा रस देतात, चुन्याच्या निवळीत हात धुऊन पिवळे झालेले पाणी दाखवतात. आणि आपल्याकडे माणसांना होणाऱ्या बऱ्याचशा काविळी दूषित पाण्यातून येणाऱ्या ‘ए’ आणि ‘ई’ या विषाणूंच्या असल्यामुळे व त्या बहुधा आपसूक बऱ्या होत असल्यामुळे या सगळ्या उपायांच्या पदरात यश पडत जाते. पशुवैद्यकात मात्र कावीळ ही केवळ एक खूण आहे. जुन्या तांबड्या रक्तपेशी मोडल्या की त्यांतील रक्तरंजकापासून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते, यकृत ते रक्तातून उचलते, पाण्यात विरघळेल असे करते आणि पित्तावाटे आतड्यात सोडते. ही वाट तीन ठिकाणी बिघडू शकते. रक्तपेशी एकाच वेळी फार मोठ्या संख्येने फुटल्या तर यकृताकडे त्याच्या आवाक्याबाहेरचा माल येतो. यकृताच्या पेशीच आजारी असतील तर आलेला माल उचलला जात नाही. आणि पित्तनलिका सुजली किंवा तुंबली तर उचललेला माल पुन्हा रक्तात उलटतो. ‘मांजराला कावीळ झाली आहे’ या वाक्यातून या तिघांपैकी काय घडले ते कळत नाही, आणि उपचार तर तिघांचेही निराळे आहेत.

ही खूण मांजरात सहज दिसत नाही, हेही लक्षात ठेवावे लागते. अंगभर केस असतात आणि पुष्कळ मांजरांची बुबुळे मुळातच पिवळी असतात, त्यामुळे डोळे पाहून निदान करणारा हमखास फसतो. वरची पापणी अलगद उचलून बुबुळामागचा पांढरा भाग, कानाच्या पाळीची आतली उघडी त्वचा, हिरड्या आणि टाळूचा मागचा मऊ भाग ही पाहण्याची ठिकाणे होत, आणि ती खिडकीजवळ दिवसाउजेडी पाहावीत, कारण घरातल्या पिवळ्या दिव्याखाली सगळीच मांजरे काविळीची वाटतात. त्वचेच्या आधी रक्त बोलते. निरोगी मांजराचे रक्त नळीत थोडा वेळ ठेवले असता वर सुटणारा द्रव जवळजवळ रंगहीन असतो. तोच हळदीच्या पाण्यासारखा दिसला, तर कान पिवळे व्हायच्या आधीच शंका घ्यावी. लघवीच्या तपासणीतही एक उपयोगी भेद आहे. कुत्र्याच्या दाट लघवीत थोडेसे बिलिरुबिन असणे स्वाभाविक मानले जाते. मांजराच्या लघवीत ते कधीही स्वाभाविक नसते.

भाषेच्या पाठोपाठ येते ते पथ्य. काविळीच्या रोग्याला तेलतूप बंद, मांसमच्छी बंद, मऊभात, पेज, उसाचा रस आणि ग्लुकोजचे पाणी ही मराठी घरातली रीत आहे, आणि पोट बिघडलेले दिसले तर त्याही आधीचा उपाय म्हणजे लंघन. पचनाला विसावा मिळाला की शरीर स्वतःला सावरते हा विचार माणसापुरता निराधार नाही, आणि कुत्र्याच्या बाबतीतही तो पुष्कळदा खपून जातो. घरातल्या मांजराने बशीला तोंड लावणे सोडले की हाच विचार त्याला लागू केला जातो: काहीतरी खाल्ले असेल, एक-दोन दिवस उपाशी राहू द्यावे, भूक लागली की आपोआप येईल. मांजराच्या यकृताविषयी जे काही सांगण्यासारखे आहे त्यातील मोठा भाग या एका समजुतीच्या विरोधात जातो. मांजराच्या शरीरात लंघन विसावा देत नाही, ते स्वतःच रोग निर्माण करते. आणि तसे का होते हे कळण्यासाठी यकृताच्या आधी मांजराच्या जेवणाकडे वळावे लागते.

मांजराचे मूळ अन्न उंदीर. एका लहान उंदरातून साधारण तीस किलोकॅलरी मिळतात, म्हणजे चार किलोच्या मांजराला दिवसाकाठी सातआठ उंदीर लागतात, आणि ते एका बैठकीत मिळत नसल्यामुळे मांजर दिवसरात्र थोडे थोडे, अनेक वेळा खाणारा प्राणी झाले. उंदरात प्रथिने भरपूर असतात, मेदही पुरेसा असतो, पिष्टमय पदार्थ मात्र नावापुरते. लाखो वर्षे हेच अन्न मिळत राहिल्यामुळे मांजराच्या यकृताने एक सवय सोडून दिली. माणूस किंवा कुत्रा कमी प्रथिने खाऊ लागला की त्याचे यकृत प्रथिनांच्या घटकांना, म्हणजे अमिनो आम्लांना, मोडणाऱ्या विकरांचे काम बरेच मंदावते आणि असलेली प्रथिने राखून ठेवते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील क्विंटन रॉजर्स, जेम्स मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले की मांजराच्या यकृतातील ही विकरे आहारात प्रथिने कमी असोत वा जास्त, जवळपास त्याच वेगाने चालू राहतात. पुढच्या संशोधनाने या निष्कर्षाला थोडी मुरड घातली आणि पुरेसे खाणारे मांजर काही मर्यादेत जुळवून घेते असे दिसले, पण त्या मर्यादेची खालची पायरी इतर प्राण्यांच्या मानाने फार उंचावर आहे ही गोष्ट कायम राहिली. खर्च कमी न करता उत्पन्न थांबले तर घराचे जे होते ते उपाशी मांजराच्या स्नायूंचे होते.

मॉरिस आणि रॉजर्स यांचा १९७८ चा प्रयोग याहून धक्कादायक होता. प्रथिने मोडताना अमोनिया हा विषारी पदार्थ तयार होतो आणि यकृत एका चक्राकार प्रक्रियेने त्याचा निरुपद्रवी युरिया बनवते. हे चक्र फिरते ठेवायला आर्जिनिन नावाचे अमिनो आम्ल लागते. रात्रभर उपाशी ठेवलेल्या मांजरांना बाकी सर्व अमिनो आम्ले असलेले पण आर्जिनिन नसलेले एकच जेवण दिले, तेव्हा काही तासांतच त्यांच्या रक्तात अमोनिया चढला, तोंडाला लाळ सुटली, उलट्या झाल्या आणि ती सुस्तावली. एका जेवणातील एका घटकाच्या अभावाने प्राणी इतक्या लवकर आजारी पडण्याचे दुसरे उदाहरण सस्तन प्राण्यांत सहसा सापडत नाही. टॉरिन हे असेच दुसरे द्रव्य. ते फक्त प्राणिज अन्नातून पुरेसे मिळते; त्याच्या अभावी मांजराचे दृष्टिपटल झिजते हे १९७५ मध्ये, आणि हृदयाचा स्नायू सैल पडतो हे १९८७ मध्ये स्पष्ट झाले. यकृताच्या दृष्टीने त्याचे महत्त्व असे की पित्तातील आम्ले बांधण्यासाठी मांजर जवळपास केवळ टॉरिनच वापरते, त्यामुळे ते रोज थोडे थोडे पित्ताबरोबर खर्च होत राहते.

दूधभातावर वाढवलेली मांजरे महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या दिसत आली आहेत आणि ‘आमची मांजरे तर दूधभातच खातात’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. ती मांजरे दूधभात खाऊन माळ्यावरचे उंदीर, परसातल्या पाली आणि कोळणीच्या टोपलीतले मासळीचे तुकडे यांवर जगत होती हे त्या युक्तिवादातून गळते. चौथ्या मजल्यावरच्या जाळी लावलेल्या सदनिकेत ती सोय नाही. याच्या उलट टोकाची चूकही होते. मांसाचे महत्त्व पटलेला मालक खाटकाकडून रोज कलेजीच आणतो, आणि वर्षानुवर्षे केवळ कलेजीवर राहिलेल्या मांजराच्या शरीरात अ जीवनसत्त्व साचून मानेचे मणके एकमेकांना सांधले जातात. ऑस्ट्रेलियात १९६० च्या दशकात या विकाराचा चांगला अभ्यास झाला. आपल्या भाषेत काळीज म्हटले की हृदय आठवते आणि कलेजी मात्र यकृताची असते, हा घोटाळा मांजराच्या ताटापर्यंत पोहोचू नये.

आता लंघनाकडे परत येता येते. अंगाने भरलेले, पाचसहा किलोचे, घरात बसून राहणारे मांजर काही कारणाने खायचे थांबते. रक्तातील इन्सुलिन उतरते, ताणाची संप्रेरके चढतात, आणि पोटाखाली, कातडीखाली साठवलेली चरबी सुटी होऊन मेदाम्लांच्या रूपाने रक्तातून यकृताकडे निघते. इथपर्यंत माणसातही असेच होते. यकृताने आलेली मेदाम्ले एकतर आपल्या पेशींत जाळायची असतात, नाहीतर प्रथिने आणि फॉस्फोलिपिड यांच्या वेष्टनात बांधून पुन्हा रक्तात पाठवायची असतात. जाळण्यासाठी कार्निटिन लागते, वेष्टनासाठी प्रथिने आणि मेथिओनिनसारखी अमिनो आम्ले लागतात, आणि ही सगळी सामग्री मांसातून यायची असते, जे खाणे मांजराने थांबवलेले आहे. सोयाबीनच्या सरकारी खरेदी केंद्राबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागावी आणि आत बारदानाच नसावा, तशी ही स्थिती असते: माल येत राहतो, भरायला पोती नाहीत, उचल होत नाही, आणि अखेर केंद्राचे अंगणच मालाने भरून जाते. यकृताच्या एकेका पेशीत मेदाचे थेंब साठतात, पेशी फुगतात, त्यांच्यामधल्या पित्ताच्या सूक्ष्म वाटा चेपल्या जातात आणि कावीळ उमटते. या अवस्थेला हिपॅटिक लिपिडोसिस, म्हणजे यकृतमेदसंचय, म्हणतात. असे यकृत आकाराने मोठे, कडांना गोलसर, पिवळट आणि बोटाला तेलकट लागणारे असते; त्याचा काढलेला तुकडा फॉर्मालिनच्या बाटलीत टाकला तर बुडण्याऐवजी तरंगतो.

माणसांतील ‘फॅटी लिव्हर’ हा शब्द आता इतका रुळला आहे की सोनोग्राफीच्या अहवालात तो वाचून कोणी दचकत नाही, आणि म्हणूनच मांजराच्या या रोगाचे गांभीर्य सांगताना तो शब्द अडचण करतो. माणसाचे मेदयुक्त यकृत अतिपोषणाने, मद्याने किंवा मधुमेहाने बनते आणि वर्षानुवर्षे तसेच राहू शकते. गुबगुबीत यकृतासाठी बदकाला आणि हंसालाही कोंबून खायला घालावे लागते. मांजराचे यकृत मात्र न खाण्याने मेदाने भरते. त्याला काही दिवस ते एकदोन आठवडे पुरतात, आणि उपचार झाले नाहीत तर ते मांजर बहुधा वाचत नाही. हा विकार १९७० च्या दशकात पशुवैद्यकीय लेखनात वेगळेपणाने नोंदला जाऊ लागला आणि पुढच्या दोन दशकांत, विशेषतः कॉर्नेल विद्यापीठातील शॅरन सेंटर यांच्या कामामुळे, त्याची ओळख पक्की झाली. उत्तर अमेरिकेत तो मांजरांतील यकृताचा सर्वाधिक आढळणारा विकार मानला जातो. घरबंद, लठ्ठ आणि कोरड्या दाण्यांवर वाढणाऱ्या मांजरांची संख्या पुण्यामुंबईत जशी वाढत आहे तसा तो येथेही परका राहिलेला नाही.

मांजर खायचे का थांबते, हा यानंतरचा आणि खरे तर निदानातला मुख्य प्रश्न होय, कारण यकृतात मेद साचणे ही बहुतेक वेळा दुसऱ्याच एखाद्या गोष्टीची परिणती असते. कधी ती गोष्ट साधी असते: घर बदलले, दिवाळीपूर्वी रंगकाम निघाले, गणपतीत पाहुण्यांनी घर भरले, दुसरे मांजर आणले, उन्हाळ्याच्या सुटीत मालक गावी गेले आणि मांजर परक्या ठिकाणी ठेवले, किंवा वजन कमी करायचे म्हणून नेहमीचे अन्न एका दिवसात बंद करून नवे ठेवले. मांजर चिडून उपोषण करते असे गमतीने म्हणतात. या उपोषणाला लिंबूपाणी घेऊन सुटण्याची सोय नसते. पण अनेकदा कारण आत दडलेले असते. सडलेले दात आणि सुजलेल्या हिरड्या, मधुमेह, स्वादुपिंडाची सूज, आतड्याचा जुनाट दाह, कर्करोग यांपैकी काही ना काही सापडते, आणि त्यांत पित्तनलिकांच्या दाहाला विशेष जागा आहे.

मांजराच्या शरीररचनेतील एक तपशील येथे फार बोलका आहे. बहुतेक मांजरांत स्वादुपिंडाची मुख्य नलिका आतड्यात शिरण्यापूर्वीच पित्तनलिकेला मिळते, आणि दोघींचे तोंड लहान आतड्याच्या सुरुवातीला एकाच जागी उघडते. आतड्यात दाह असेल, मांजर वारंवार उलट्या करत असेल, तर आतड्यातील जंतू या एकाच दारातून यकृताकडेही जातात आणि स्वादुपिंडाकडेही. यकृत, स्वादुपिंड आणि आतडे या तिघांना एकदम झालेल्या दाहाला ‘ट्रायडायटिस’ म्हणतात, आणि तो मांजरातच इतका का आढळतो याचे एक उत्तर या सामाईक दारात आहे. पित्तनलिकांच्या दाहाची वर्गवारी वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटरनरी असोसिएशनच्या अभ्यासगटाने २००६ मध्ये केली. तीव्र प्रकारात जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी नलिकांत गोळा होतात, मांजराला ताप येतो, पोटात दुखते, आणि पित्ताच्या तपासणीत बहुधा ‘इ. कोलाय’ हा आतड्यातलाच जंतू सापडतो. त्याला काही आठवडे प्रतिजैविके द्यावी लागतात. दुसऱ्या, संथ प्रकारात लिम्फोसाइट पेशींचा थर नलिकांभोवती महिनोन्‌महिने चढत जातो. त्यात काही मांजरे चक्क चांगली, कधी तर अधाशासारखी, खात राहतात, पोटात पाणी होईपर्यंत घरच्यांना पत्ता लागत नाही, आणि उपचार स्टिरॉइडचा असतो. एकाचे औषध दुसऱ्याला दिले तर अपाय होऊ शकतो, म्हणून ‘लिव्हरचा त्रास आहे’ एवढ्यावर थांबणारे निदान अपुरे होय.

तिसरा प्रकार यकृतातील पर्णकृमींचा, आणि उष्ण कटिबंधात तो विसरून चालत नाही. प्लॅटिनोसोमम नावाचा हा चपटा कृमी मांजराच्या पित्तनलिकांत राहतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, ती गोगलगाय खाते, तिच्यातून बाहेर पडलेल्या अळ्या ओलाव्यात, कुंडीखाली राहणाऱ्या कवचवाल्या किड्यांत जातात, ते किडे पाल खाते आणि पाल मांजर खाते. ज्या भिंतीवर पाल नाही असे घर आपल्याकडे सापडणे कठीण, तेव्हा घरातून कधी बाहेर न पडणाऱ्या मांजरालाही ही वाट पूर्णपणे बंद नसते. नलिका पूर्ण तुंबली तर अंडी विष्ठेत येतच नाहीत आणि तपासणी निर्दोष निघते, हा या रोगातला खोडसाळपणा. कच्च्या गोड्या मासळीतून येणारे याच वर्गाचे कृमी वेगळे; माणसालाही होणारा त्यांतला चिनी यकृतकृमी मात्र चीनमध्ये नव्हे तर कोलकात्यात, तेथील मेडिकल कॉलेजात, एका चिनी सुताराच्या शवात १८७४ मध्ये जेम्स मॅकॉनेल यांना पहिल्यांदा सापडला. मांजरे आणि कुत्री हे त्याचेही साठे आहेत.

यकृताचे दुसरे मोठे काम विषे निकामी करण्याचे, आणि येथेही मांजर आपल्या मांसाहाराची किंमत मोजते. वनस्पतींतील अनेक कडू, विषारी द्रव्यांना यकृत ग्लुकुरॉनिक आम्लाची जोड देऊन लघवीवाटे बाहेर काढते. हे काम करणाऱ्या विकरांपैकी एका महत्त्वाच्या विकराचे जनुक मांजरात मोडके, निरुपयोगी आहे हे २००० साली दाखवले गेले, आणि पुढे सिंह, वाघ यांच्यासह साऱ्या मार्जारकुळात तेच आढळले. पाला न खाणाऱ्या कुळाला त्या हत्याराची गरज उरली नव्हती. त्यानंतर माणसाने पॅरासिटामोल शोधले. साठ किलोच्या माणसाने ५०० मिलिग्रॅमची एक गोळी घेतली तर दर किलोमागे आठ मिलिग्रॅम पडते. चार किलोच्या मांजराला तीच गोळी म्हणजे दर किलोमागे १२५ मिलिग्रॅम, आणि तेही बाहेर काढण्याचे साधन नसलेल्या शरीरात. त्याचा पहिला घाव यकृताच्याही आधी रक्तपेशींवर बसतो: रक्तरंजक प्राणवायू धरेनासे होते, हिरड्या तपकिरी किंवा निळसर दिसू लागतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. ॲसिटिलसिस्टिन हा उतारा आहे, पण त्याचा उपयोग तासांवर अवलंबून असतो. तापाने फणफणलेल्या मांजराला अर्धी गोळी मायेनेच दिलेली असते, म्हणून ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते. पशुवैद्यकही अशा चुकांपासून मुक्त राहिले नाही. मांजराची भूक वाढावी, त्याने घरात जागोजागी मुतू नये म्हणून डायझेपामच्या गोळ्या एकेकाळी सर्रास दिल्या जात, आणि काही मांजरांत त्यांच्यामुळे यकृताच्या पेशी झपाट्याने मरतात हे १९९६ मध्ये उघड झाले. खायला लावण्यासाठी दिलेल्या औषधाने यकृतच जाळावे, हा योगायोग विसरण्यासारखा नाही.

उरलेल्या कारणांचा उल्लेख ओझरता पुरे. जन्मतः रक्तवाहिनी यकृताला वळसा घालून जात असेल तर पिल्लू खुरटते, लाळ गाळते, आणि त्याचे डोळे कधीकधी तांब्याच्या रंगाचे दिसतात. कोरोनाविषाणूच्या एका रूपातून होणाऱ्या पोटाच्या आवरणाच्या दाहात तरुण मांजराला कावीळ होते. वाढलेला थायरॉइड म्हाताऱ्या मांजराच्या रक्तातील यकृतविकरे वाढवतो आणि यकृतावर नाहक आळ येतो. शिवाय गाठी आहेत. मांजरातही यकृतशोथाच्या ‘बी’ विषाणूचा एक चुलतभाऊ असतो असे ऑस्ट्रेलियातून २०१८ मध्ये कळले.

निदानाकडे वळताना रक्ताच्या अहवालातील आकडे माणसाच्या किंवा कुत्र्याच्या मापाने वाचू नयेत. अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर कुत्र्याच्या रक्तात निम्मे व्हायला सुमारे तीन दिवस लागतात, मांजरात ते सहा तासांत निम्मे होते. म्हणून कुत्र्यात दुर्लक्ष करण्याजोगी वाढ मांजरात गंभीर समजावी. यकृतात मेद साचला की हे विकर खूप वाढते आणि त्याच्या जोडीने एरवी वाढणारे गॅमा ग्लुटामिल ट्रान्सफरेज मात्र जागेवर राहते, ही जोडी जमली तर अनुभवी पशुवैद्य सोनोग्राफीआधीच रोग ओळखतो. दोन्ही वाढली असतील तर मागे पित्तनलिका किंवा स्वादुपिंड यांचे दुखणे शोधतो. हाताला लागणाऱ्या खुणाही आहेत: पाठीचा कणा आणि खांद्याची हाडे बोटांना टोचतात, पण पोटाखालची चरबीची झोळी तशीच लोंबत असते, पोटॅशियम फार उतरले असेल तर मान वर उचलत नाही, हनुवटी छातीकडे झुकते. बारीक सुईने यकृतातून घेतलेला थेंब काचेवर पसरून रंगवला की पेशी गोल, रिकाम्या भोकांनी भरलेल्या, चाळणीसारख्या दिसतात. सुई टोचण्यापूर्वी के जीवनसत्त्व द्यावे लागते, कारण आजारी यकृत रक्त गोठवणारी द्रव्ये बनवू शकत नाही आणि सुईच्या छिद्रातूनही रक्त वाहत राहू शकते.

उपचाराचा गाभा एका शब्दात सांगता येतो, आणि तो शब्द आहे अन्न. बाजारात मिळणारी यकृताची सिरपे, दुधी काटेरी वनस्पतीपासून काढलेले सिलिमारिन, पित्त पातळ करणारी औषधे यांना आपापली जागा आहे, पण त्यांपैकी कशानेही साचलेला मेद हलत नाही. तो हलतो प्रथिनांनी. माणसाच्या काविळीचे पथ्य येथे नेमके उलटे पडते. भाताची पेज आणि उसाचा रस मांजराला हवे ते काहीच देत नाहीत, आणि नसेतून साखरेचे पाणी चढवत राहिले तर यकृतात आणखी मेद बनण्याला हातभार लागतो. अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचून मांजर भ्रमिष्ट झाले असेल तेवढ्यापुरती प्रथिने आवरती घ्यावी लागतात. एरवी मांसाचे, भरपूर प्रथिनांचे अन्नच औषध ठरते. ते तोंड उघडून चमच्याने कोंबणे मात्र घातक, कारण घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका तर असतोच, शिवाय मळमळत असताना जबरदस्तीने भरवलेल्या अन्नाविषयी मांजराच्या मनात अशी अढी बसते की बरे झाल्यावरही ते त्या अन्नाला तोंड लावत नाही. म्हणून नळी. पहिले काही दिवस, भूल पेलवणार नाही तोवर, नाकातून बारीक नळी घालून पातळ अन्न देतात; मांजर सावरले की थोडा वेळ भूल देऊन मानेच्या डाव्या बाजूने अन्ननलिकेत जाडसर नळी बसवतात.

किती घालायचे याचे गणित आहे. वजनाचा पाऊण घात काढून त्याला सत्तरने गुणले की विश्रांतीच्या स्थितीतील दिवसाची गरज मिळते. चार किलोच्या मांजराला ती सुमारे २०० किलोकॅलरी येते. पहिल्या दिवशी यातील पाव ते तिसरा हिस्साच द्यायचा आणि काही दिवसांत पूर्ण मात्रेवर यायचे, कारण उपाशी शरीराला एकदम अन्न मिळाले की इन्सुलिन चढते, फॉस्फेट आणि पोटॅशियम रक्तातून पेशींत ओढले जातात आणि रक्तातली त्यांची पातळी कोसळते. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या भुकेल्या युद्धकैद्यांना पोटभर जेवण मिळाल्यावर जे मृत्यू झाले त्यांच्यामागे हेच होते. मांजरात फॉस्फेट उतरले की तांबड्या पेशी फुटू लागतात. म्हणून या दिवसांत रोज रक्त तपासतात.

नंतरचे काम घरचे असते आणि ते कंटाळवाणे आहे. दिवसातून चारपाच वेळा अन्न अंगाइतके कोमट करायचे, मिक्सरमधून काढून गाळायचे, आधी नळीत पाच मिली कोमट पाणी सोडायचे, मग सिरिंजने दहापंधरा मिनिटे घेऊन हळूहळू अन्न, मांजराने ओठ चाटायला किंवा लाळ गाळायला सुरुवात केली की थांबायचे, आणि शेवटी पुन्हा पाणी, नाहीतर नळी तुंबते. तुंबलीच तर थोडा कोला घालून ठेवल्यास गाठ सुटते, हा दवाखान्यातला जुना तोडगा. पहिल्या आठवडादहा दिवसांत बिलिरुबिन निम्म्यावर आले तर ती चांगली खूण असते. असा आहार नेटाने मिळालेल्या मांजरांपैकी दहात आठ वाचतात असे अनुभव सांगतो, आणि वाचलेल्याच्या यकृतावर सहसा कायमचा व्रण राहत नाही. तीन ते सहा आठवडे हे चालते. मध्यंतरी मांजरापुढे बशी ठेवून पाहायची, पण मागे लागायचे नाही. एखाद्या दिवशी ते बशी हुंगते, दुसऱ्या दिवशी दोन घास खाते. आठवडाभर ते आपल्या तोंडाने पुरेसे खात आहे आणि काट्यावर वजन उतरत नाही असे दिसले की टाके कापून नळी ओढून काढतात. मानेवरचे छिद्र शिवावे लागत नाही. ते काही दिवसांत आपले आपण बुजते.